दार नसलेली पागा

निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते. आमच्या पिंपळगावला त्या दिवसांत पहाटेच बागांमध्ये शेकोट्या पेटतात, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. काही हौशी बागायतदार तर घडांना कागदसुद्धा गुंडाळतात. आणि त्याच थंडीत माझ्या बांधापलीकडे लंकाकाकूंच्या दोन पांढऱ्या घोड्या खुशाल उघड्यावर उभ्या असतात. अंगावर झूल नाही, पायात दावं नाही, पाठीवर दव. रस्त्याने जाणारा कुणीतरी दयाळू माणूस मोटारसायकल थांबवतो आणि ओरडतो, "ओ बाई, मुक्या जिवाची दया येत नाय का?"

काकू तोंडातली मिश्री थुंकतात. "त्यांनाच इचारा ना. पागेचं दार उघडंच हे."

खरंच उघडं असायचं. शेताच्या कोपऱ्यात जाड दगडी भिंतींची पागा, तिचं सागवानी दार सताड उघडं, आणि घोड्या मात्र कडुलिंबाखाली. मे महिन्याच्या दुपारी सावली शोधतात, पावसाच्या झडीत वाऱ्याकडे ढुंगण करून उभ्या राहतात. पावसाळ्यात खूर कुजू नयेत म्हणून काकूंनी लिंबाखाली मुरूम टाकून उंचवटा केलाय. तेवढीच काय ती त्यांची चैन.

या घोड्या लग्नाच्या. थोरली चांदणी आणि तिची लेक बिजली. आसपासच्या गावांतले निम्मे नवरदेव त्यांच्यावर बसून मारुतीच्या पाया पडून आलेत. मीही चांदणीवरच बसून गेलो होतो आणि पडता पडता वाचलो होतो, पण दोष माझ्या लटपटणाऱ्या पायांचा होता. उघड्यावरच्या पांढऱ्या घोडीला एकच खोड, काळ्या मातीत मनसोक्त लोळते. लग्नाच्या सकाळी काकू तिला घासून घासून धुतात आणि शेवटच्या पाण्यात नीळ घालतात. एकदा नीळ जास्त पडली. माझा चुलतभाऊ आकाशी रंगाच्या घोडीवरून मारुतीला गेला. फोटो अजून घरात लावलेला आहे, वहिनी आल्यागेल्याला कौतुकाने दाखवते.

काकूंच्या तोंडाला कुणी लागत नाही. पण या घोड्यांवरून त्यांचं जे खरं भांडण होतं ते रस्त्यावरच्यांशी नव्हतं. ते पोटच्या पोराशी होतं.

ती पागा पुंजाकाकांनी, म्हणजे काकूंच्या मालकांनी, स्वतःच्या हातांनी बांधली होती. एकेक दगड निवडून आणला होता. एवढ्या मायेने लोक घरही बांधत नाहीत. एकच खिडकी, तीही थंडीत पोती कोंबून बंद. डासांना गोवऱ्यांचा धूर. चांदणीच्या अंगावर घोंगडी, पायाखाली भुसा. पुंजाकाकांची बाज तिथेच, घोडीच्या शेजारी. त्यांना घरात झोपलेलं मी कधी पाहिलं नाही. चांदणीला खोकला होता आणि पुंजाकाकांनाही. एकाला ठसका लागला की दुसरी साथ द्यायची, त्यावरून गावाने दोघांची यथेच्छ टिंगल केली. घोडीला जनावरांच्या डॉक्टरची औषधं चालू, काकांना माणसांच्या. गुण कुणालाच येईना. शेवटी काका गेले.

त्यांच्या घरात एक रीत आहे. घरधनी गेला की जनावराच्या तोंडावरची दोरीची मोरकी काढतात, घुंगरं काढतात, आणि तेरावं होईपर्यंत त्याला बांधत नाहीत. तेराव्याला भावकीतला वडीलधारा नवी मोरकी घालतो, मग पुन्हा दावं. त्याप्रमाणे चांदणी आणि तेव्हा लहान असलेली बिजली शेतात मोकळ्या हिंडत होत्या. सुतकात त्यांच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. तेराव्याला काकूंचे दीर नवी मोरकी घेऊन उठले. काकूंनी ती त्यांच्या हातातून घेतली, ओटीत ठेवली आणि म्हणाल्या, "राहू द्या. नाय बांधायच्या आता."

सगळे समजले, बाई दुःखाने भ्रमली. महिनाभराने ताळ्यावर येईल. काकू काही ताळ्यावर आल्या नाहीत.

त्यांचा मुलगा दिनेश कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे काम बघतो. कांदा साठवायच्या चाळीत माल भरून घेणं, उलथापालथ करणं, सडका निवडून काढणं, यात त्याचा हात धरणारा नाही. बापावर फार जीव. त्याने बापाचा फोटो पागेतच भिंतीवर लावला होता, बाजेच्या वर, रोज सकाळी हार घालायचा. आणि आईने त्याच पागेकडे पाठ फिरवलेली. "आप्पाची एवढी एक खूण हे," तो मला एकदा बागेत बसून रडकुंडीला येऊन म्हणाला, "तीबी तिला नको. त्यांनी जी घोडी घोंगडीत गुंडाळून ठेवली, ती ही बाई थंडीत मारायला निघाली." मायलेकरं एका घरात राहून जेवायला ये, भाजी आण, एवढंच बोलायची. काकू काही सांगत नव्हत्या. मला त्यांचा राग यायचा. एवढी फटकळ बाई, सगळ्या जगाला उत्तर देते, मग पोरालाच का नाही?

मागच्या थंडीत काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पुढे धुळीत नको म्हणून लेकीने त्यांना आपल्याकडे नाशिकला ठेवून घेतलं. घोड्या दिनेशवर आल्या. त्याने पहिलं काम काय केलं, तर पागा झाडून घेतली, भुसा पसरला, खिडकीत पोती कोंबली, घोड्यांच्या अंगावर घोंगड्या टाकल्या आणि दार लावून घेतलं. बापाने केलं असतं तस्संच. मला बोलावून दाखवलं. चेहऱ्यावर असं समाधान की मीही पाठ थोपटली.

काकू काळा चष्मा लावून परत आल्या त्या सकाळी मी बांधावरच होतो. रिक्षातून उतरल्या आणि तिथेच थांबल्या. बंद दाराआडून चांदणी खोकत होती. कोरडा, खोल, थांबता थांबत नाही असा खोकला. दिनेश दाराशी उभा होता, दोन दिवस दाढी न केलेला.

"थंडी बाधली वाटतं," तो घाईघाईने म्हणाला. "डॉक्टरला फोन केलाय. सगळं आप्पासारखंच केलं गं. काय कमी नाय केलं."

"ठाऊक हे मला," काकू म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी दार ढकललं. आतून मुताचा उग्र वास आणि भुशाची धूळ एकदम अंगावर आली. दोन्ही घोड्या आमच्या अंगावरून जवळजवळ पळतच बाहेर गेल्या. चांदणी लिंबाखाली जाऊन पुन्हा खोकली.

"दिन्या," काकू म्हणाल्या, "तुमच्या कांद्याच्या चाळीला भिंती का नसत्यात?"

"वारा खेळाया. कोंडला तर सडतो ना कांदा."

बोलता बोलता त्याची मान लिंबाकडे वळली. लिंबाखालच्या खोकल्याकडे कान देऊन उभा राहिला. मग त्याने पागेतल्या बाजेकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा बघवेना.

"आप्पा असंच खोकायचे," तो म्हणाला.

काकूंनी मान डोलावली.

"तुला ठाऊक व्हतं?"

"तेराव्याला ध्यानात आलं. मोकळी हिंडत व्हती तवापासून चांदणी खोकलीच नव्हती."

"मग सांगितलं का नाय गं एवढी वर्षं?"

"काय सांगू?" काकूंनी चष्मा काढला. डोळ्याला पाणी लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते काही पाळता आलं नाही. "एकेक दगड त्यांनी मायेनं लावलाय. त्या मायेनंच त्यांना खाल्लं, असं सांगू? तू रोज हार घालतो तिथं? घोडीला बाहेर काढता आलं रे मला. तुझ्या आप्पाला नाय काढता आलं."

पुंजाकाका पागेमुळे गेले की त्यांचं दुखणं वेगळंच होतं, हे कुणी डॉक्टरच सांगू शकेल. मला विचाराल तर मला माहीत नाही. पण हे ओझं काकू एकट्या वाहत होत्या आणि वर पोराचा राग सोसत होत्या.

दिनेशने पुढच्या रविवारी पागेचं दार काढलं. भिंती कमरेपर्यंत उतरवल्या, वर कांद्याच्या चाळीसारख्या फटी ठेवून बांबू लावले. आता मेमध्ये घोड्या आपणहून तिथे सावलीला जातात आणि त्यांच्या मर्जीने बाहेर येतात. तेराव्याला ओटीत ठेवलेली ती मोरकी काकूंनी बिजलीला लग्नाच्या दिवसापुरती घालायला काढली.

सगळं झाल्यावर दिनेश आत गेला आणि भिंती उतरवताना काढून बाजेवर ठेवलेला बापाचा फोटो उचलला. काच पुसली. काकू लिंबाखाली चांदणीला खरारा करत होत्या. त्यांच्या डोक्यावर, लिंबाच्या बुंध्याला, जिथे वारा लागतो तिथे त्याने खिळा ठोकला आणि फोटो लावला.

"हे बघ आई," तो म्हणाला, "आणलं आप्पाला बाहेर."