वगळलेलं पॅकेज

ज्या एडिटरमध्ये मी वर्षानुवर्षं कोड लिहिला, तो कंपनीने बंद केला. तिचं काय जातंय! ब्लॉगवर चार गोड ओळी, सगळ्यांचे आभार, आणि अमुक दिवशी सर्व्हर बंद. त्या एडिटरला जोडायची छोटी छोटी पॅकेजेस जगभरच्या लोकांनी नोकऱ्या सांभाळून, फुकट लिहिली होती. ती सगळी त्याच सर्व्हरवर. माझं टाळकंच फिरलं. मेहरूणमधल्या आमच्या घरी बसून मी एक टूल लिहिलं. काळ्या खिडकीत एक कमांड टाकायची, की ते एकेक पॅकेज उतरवून माझ्या डिस्कवर ठेवणार.

एक नियम मात्र घातला. ज्या पॅकेजवर ‘कुणीही घ्या’ असा परवाना लिहिलेला नाही, त्याच्या मालकाला मेल करून विचारायचं. नको म्हणाला तर हात लावायचा नाही. लोकांची मेहनत न विचारता उचलायला मी काय ती कंपनी आहे?

मेल टूलच पाठवायचं, सगळ्यांना एकच. त्यात माझा धुळ्याचा मित्रही आला. एकाच ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. त्याच्या आईच्या हातची कळण्याची भाकरी मी किती वेळा खाल्लीय. त्याचं पॅकेज अहिराणी लिहिण्यासाठी होतं. दोन अक्षरं टाइप केली की शब्द पुढे यायचा, आणि खाली तो शब्द असलेलं त्याच्या आईचं एखादं वाक्य. तिच्याजवळ ओट्याशी बसून त्याने ती टिपलेली. बहुतेक वाक्यांत त्यालाच बोलणी: ‘दुपार व्हयनी, आते तरी ऊठ.’

त्याचं उत्तर आलं, ‘नको.’ बस्स, एवढंच. मलाही राग आला. नको तर नको, गेलास उडत! टूलने त्याचं पॅकेज वगळलं. ठरल्या दिवशी सर्व्हर बंद झाला.

पुढे त्याची आई गेली. मी सांत्वनाला दारावर जाऊन बसून आलो. महिन्या-दीड महिन्याने स्वतःच घरी आला, खिशात पेन ड्राइव्ह घेऊन. माझ्या आईने भरीत-भाकरी वाढली. ‘बस अक्का, नको,’ म्हणत तो ताटावर हात आडवा धरत होता, ती हाताखालून वाढत होती, आणि तो जेवत होता. हात धुऊन मला म्हणाला, ‘ते पॅकेज दे भाऊ. माझी हार्डडिस्क उडाली. मनी मायना शब्द शेतस त्यामा.’ आईचे शब्द मागताना तो अहिराणीवर आला होता.

‘माझ्याकडे नाहीये. तू नको म्हणालास ना?’

तो हसला. त्याला वाटलं, मी खेचतोय. ‘अरे, रागात म्हणालो! जगाला पाठवलास तोच मेल मला? धुळं काय परदेशात आहे? आणि नको म्हटलं म्हणून आपलं माणूस खरंच सोडून देतं का कोणी?’

मी लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्याने स्वतः सगळं शोधलं, पुन्हा पुन्हा शोधलं. मग ‘वा, नियमाचा पक्का निघालास,’ म्हणाला आणि चहा न घेता गेला. त्यानंतर फोन उचलत नाही.

मला त्याचा अजूनही राग येतो. आईची बोली एवढी जिवाची होती, तर दुसरी कॉपी ठेवायची अक्कल नको? आणि माझा नियम बरोबरच होता, आजही म्हणेन. म्हटलं की घरात कुणी माझ्याकडे बघत नाही.

परदेशातल्या लोकांनी टूलचं कौतुक केलं, मागायला मात्र कुणी आलं नाही. आजवर एकच माणूस पॅकेज मागायला माझ्या दारात आला. बाकी सगळ्यांची माझ्याकडे आहेत.