उडी मारण्याआधीचा प्रश्न

मंडळी, खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंची अतिशय नम्र अशी दुसरी चिठ्ठी आल्यापासून आमची चार वर्षांची ईरा घरात चवड्यांवर चालते. आम्हीच शिकवलं. धातुरूपं पाठ करतानाही माझ्यात एवढी शिस्त नव्हती.

आज सकाळी तिला निशी-कसाई या आमच्या जपानी वस्तीतल्या बागेत नेलं. मातीत काठीने चौकोन आखले आणि म्हटलं, "बेडूकताई, मारा उडी. चांगली धप्पकन."

ती उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, इथे खाली कोण राहतं?"

"कोणी नाही गं. नुसती माती."

तरीही ती चवड्यांवरच उतरली, अजिबात आवाज न करता.

शहाणी मुलगी म्हणून मी तिचं कौतुक सांगत फिरत होतो. तुमचीही मुलं वरच्या मजल्यांवर वाढताहेत. त्यांना पाय आपटायला पुन्हा कसं शिकवलंत?