टाळ्या

"इथं नको. बाहेर वऱ्हांड्यात बस. आणि तोंडावर पदर घे, पाहुणे येताहेत."

दवाखान्यातले साहेब मला म्हणाले. निरोप धाडून त्यांनीच बोलावलं होतं.

विदेशातून पाहुणे येणार होते. एकाच माणसाला एचआयव्ही आणि टीबी झाला, तर दोन्हींचा इलाज एकत्र करायचा, असं म्हणे आता जगभर ठरलं होतं. ते आमच्या गोंदियात किती छान चाललंय हे दाखवायला एक बाई पाहिजे होती. दोन्ही रोग असलेली, तरी जिवंत असलेली. ती मी.

फरशीवर बसले. साहेब दुसऱ्या डॉक्टरला म्हणाले, "कुडव्याकडच्या वस्तीतली आहे. यांच्यात हे असंच असतं."

यांच्यात म्हणजे कोणात? माझा नवरा राइस मिलमध्ये पोती उचलायचा. मी बिड्या वळायची. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. एवढेच आम्ही.

नवऱ्याला आधी टीबी निघाला. मग रक्तात एचआयव्ही निघाला. तसे टीबीवाले म्हणाले, "हा आमचा पेशंट नाही. नागपूरला ने." रेल्वेत आडवा करून नेला. तिथले म्हणाले, "आधी टीबीचं औषध सुरू करून या." परत आणला. इथले पुन्हा म्हणाले, नागपूर. मी त्याला पुन्हा न्यायला उठवू लागले, तर म्हणाला, "कायले नेऊन रायली वं? घरीच राहू दे मले."

त्याच आठवड्यात गेला. पुढं माझ्यातही दोन्ही निघाले, तेव्हा कुठं इथं गोळ्या मिळू लागल्या.

पाहुणे आले, तसं मला आत बोलावलं. साहेब लांबूनच म्हणाले, "गोळ्या मिळतात, बरी आहे, एवढंच बोल. नवऱ्याचं काढू नकोस."

मी काढलं. सगळं सांगितलं. कुठून कुठे पाठवला, कसा मेला. साहेबांनी हसऱ्या तोंडानं इंग्रजीत काहीतरी वेगळंच सांगितलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी माझ्या माणसाचं मरण सांगितलं, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

अंगाचा भडका उडाला. मला इंग्रजी येत नाही. पण दवाखान्याच्या चकरा मारून दोन-तीन शब्द कळले होते. पदर तोंडावरून काढला. गोऱ्या बाईपुढं जाऊन उभी राहिले.

"हजबंड डेड. नो दवा. डेड."

टाळ्या थांबल्या. बाई साहेबांकडं बघत राहिली. साहेबांना हसू आवरून घेणंही सुचेना.

पाहुणे गेल्यावर ते ओरडले, "गोळ्या इथूनच घ्यायच्या आहेत ना तुला?"

"हो, इथूनच घेईन. तुमच्या घरून नाही मांगत. आन माह्या तोंडचं आता तुम्ही बोलायचं नाही."

पाहुण्यांकडून पुढं काही आलं नाही. मला गोळ्यांसाठी आता सगळ्यांच्या शेवटी उभं करतात.

परवा दवाखान्यात आमच्या जवळच्याच गोरेगावची एक बाई भेटली. तिलाही दोन्ही रोग. टीबीवाल्यांनी एचआयव्हीवाल्यांकडं पाठवली, त्यांनी परत टीबीवाल्यांकडं. भिंतीला टेकून धापा टाकत होती. मी तिचा हात धरला, साहेबांच्या खोलीत नेली.

"दोन्ही रोग एकाच अंगात हायेत. इलाज आजच सुरू करा. तोवर हालत नाही आम्ही."

"पोलीस बोलावू का?"

"बलावा. त्याह्यच्या समोर बी हेच सांगतो."

एक माणूस यांनी या दारातून त्या दारात पाठवून मारला. दुसरं मरू देणार नाही. आणि त्यासाठी हात जोडणार नाही. हात जोडणं संपलं माझं.