लोकरीचं पॅड आणि मामा

हर्सूलला, तलावाकडं वळायच्या थोडं अलीकडं, सोनियाची गाड्या पॉलिश करायची शेड आहे. नवरा गोकुळ वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जातो. त्यामुळं दिवसभर शेडमध्ये दोघंच, सोनिया आणि तिचे सासरे नानासाहेब, ज्यांना ती मामा म्हणते. "गाडीवाले परवडले," ती शेजारच्या चहावाल्या आशाबाईंना म्हणायची, "पण मामांपुढं माझं डोकं चालत नाय."

मामांनी उभी हयात कन्नडला जिपांना रंग मारण्यात घालवली होती. तेव्हाचा रंग जाड. मशीनला लोकरीचं पॅड लावायचं, कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, थापायचं आणि अंगाचा भार टाकून घासायचं, की जीप लखलखायची. गुडघे बोलायला लागले तसं गोकुळनं त्यांना शहरात आणलं आणि आराम करा म्हणून सांगितलं. दुसऱ्याच सकाळी ते शेडमध्ये हजर.

सोनिया हे काम छावणीतल्या एका दुकानात नोकरी करताना शिकली होती. आताच्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक थर असतो, आणि तो कागदासारखा पातळ. लोकरीचं पॅड खोल ओरखड्यांपुरतं लावायचं, तेही हलक्या हातानं. त्याच्यामागं कडक फोमचं पॅड आणि शेवटी मऊ फोमचं. एका पॅडचं कंपाउंड दुसऱ्याला लागू द्यायचं नाही. मामांना यातलं काहीच पटत नव्हतं.

"पुसायचंच हाय ना? मग इतक्या तऱ्हा कशाला?"

"मामा, हे मऊ पॅड शेवटच्या हाताचं हाय. याला कंपाउंड तुम्ही फासलं का?"

"फासलं. जवळ तेच होतं."

एकदा त्यांनी सगळी फोमची पॅडं कढत पाण्यात सोडा घालून धुतली आणि पत्र्यावर उन्हात वाळत घातली. पाठीमागचा डिंक सुटला. दुपारी तिनं मशीन सुरू केलं, तर पॅड उडालं ते थेट आशाबाईंच्या दुधाच्या पातेल्यावर. मग सोनिया पॅडं पिठाच्या डब्यात लपवून ठेवायला लागली. मामांनी डबा शोधला आणि वर तिलाच विचारलं, "पीठ कुठं गेलं गं?"

गोकुळला सांगावं, तर तो जेवता जेवता म्हणायचा, "वय झालं त्यांचं, सांभाळून घे."

तरी गाडं चाललं होतं, कारण येणाऱ्या बहुतेक गाड्या पांढऱ्या. पांढऱ्या रंगावर लोकरीच्या बारीक रेघा सहसा दिसत नाहीत. अडचण झाली ती मुकुंदराव देशपांड्यांची काळी गाडी आली तेव्हा. मुकुंदराव कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, गाडीला जिवापाड जपणारे. मुलीचा, मृण्मयीचा, रविवारी साखरपुडा होता. गाडी आरशासारखी झाली पाहिजे, असं ते दोनदा सांगून गेले.

सोनियानं बॉनेट हातात घेतलं. अर्धं झालं आणि मऊ पॅड फाटलं. नवीन आणायला छावणीत जावं लागणार होतं.

"मामा, या गाडीला हात लावायचा नाय. शपथ हाय तुम्हाला."

"व्हय व्हय, जा तू."

ती परत आली तेव्हा मामा घामेघूम होऊन उभे होते आणि मशीनला लोकर होती. टप, बॉनेट, दारं, सगळं उरकून ते बॉनेटवरून तळवा फिरवत होते. "बघ, हात फिरव. लोणी हाय लोणी!"

सोनियानं गाडी उन्हात काढली. काळ्या रंगावर कोळ्यानं जाळं विणावं तशा गोल गोल रेघा चमकायला लागल्या. तिचा तोल सुटला.

"हे लोणी हाय? या रेघा बघा! साखरपुड्याला ही गाडी न्यायची त्यांनी?"

"कुठल्या रेघा?"

"मामा, माझा अंत बघू नका. ही काय, ही!" तिनं त्यांचं बोट धरून बॉनेटवर टेकवलं.

मामा वाकले, डोळे बारीक केले, मान तिरकी केली. "मला तर काय दिसत नाय बा."

ते मुद्दाम करतात असं तिला वाटलं. ती आणखी चार शब्द बोलणार होती, पण त्यांची नजर बोटाच्या भलतीच बाजूला होती. तिनं समोरच्या रिक्षाकडं हात केला. "तो नंबर वाचा."

मामा रिक्षाच्या दिशेनं दोन पावलं सरकले.

"वाचा ना."

"धुकं धुकं दिसतं," ते हळूच म्हणाले. "लई दिवस झाले."

"मग सांगायचं कुणी? मी?"

"सांगितलं असतं, तर घरी बसवलं असतं मला. लोकर कशी, हाताला कळते. घासतीय का नाय ते मनगटात समजतं. तुझा तो स्पंज नुसता घसरतो, काय कळत नाय."

सोनियाला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त होता. तिनं चहा मागवला, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मशीन उचललं. आधी कडक फोम, मग मऊ. जाळं विरत गेलं. मात्र मागच्या दाराच्या कडेला मामांनी भार दिला होता. तिथला थर पार गेला होता. ते पॅडनं भरून निघणार नव्हतं.

मुकुंदराव आल्यावर तिनं आधी ती कडाच दाखवली. ते चिडले. "तुमच्या भरवशावर गाडी सोडली होती हो मी!" तिनं ऐकून घेतलं. साखरपुडा झाला की गाडी परत आणा, दार आमच्या खर्चानं नीट रंगवून देतो, असं सांगितलं. सोमवारी ते गाडी घेऊन आले. दार रंगवून झालं तेव्हा त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि "ठीक आहे" एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात तिनं मामांना डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू निघाला, तोही पिकलेला. गोकुळनं सुट्टी काढली, ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून मामा घरी बसले आणि शेडमध्ये कधी जायचं, हे सारखं विचारत राहिले.

ते शेडमध्ये परत आले त्या दिवशी दारात एक निळी गाडी उन्हात उभी होती. नुकतीच धुतलेली, काम व्हायचं होतं. मामा तिच्या बॉनेटवर वाकले.

"या रेघा?"

"व्हय, याच."

"माझ्या जिपांवर पण असतील मग." मग उन्हाकडं पाठ करून ते म्हणाले, "कुणी बोललं कसं नाय?"

"त्या जिपा दिसायच्या भारी," सोनिया म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

त्या दिवसापासून मामांनी लोकरीला हात लावला नाही. पण सोनियाचा ताप काही कमी झाला नाही. आता ते हातातली बॅटरी लावून प्रत्येक गाडीभोवती रांगतात. गाडीवाला ताटकळत हॉर्न वाजवतो आणि मामा बंपरपाशी बसलेले असतात.

"सोनिया, मऊ पॅड आण. इथं एक रेघ राहिली."

"मामा, तो दगडाचा ओरखडा हाय. पॅडनं जात नाय तो."

"आण तर खरं."

"उद्याच्या गाड्या कधी करायच्या मग?"

बॅटरी दुसऱ्या हातात घेऊन मामा पुढच्या चाकाकडं सरकतात.