फोन माझ्या हातात दिला तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? शिरूर-दौंडकडच्या एखाद्या शाळेत तुमचं पोर शिकत असेल, तर माझं व्याख्यान तुम्ही ऐकलंही असेल. ‘आपली मुलं आणि मोबाईल.’ तीच मी. कडक इस्त्रीची साडी, हातात माईक, आणि चेहऱ्यावर सगळ्या तालुक्याच्या लेकरांची काळजी फक्त मलाच आहे, असा भाव. त्या भावाची मला किळस येते. पण तो माझ्याच चेहऱ्यावर असतो, अन् चांगला शोभतो.

मी शिक्रापूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. राहायला शिरूरला. पाच-सहा वर्षांपूर्वी एका शिबिराला जाऊन आले आणि मुलांच्या मोबाईल-सुरक्षेवर बोलायला लागले. बोलता येतं मला. समोर पालक बसलेले असतात, त्यातले निम्मे स्वतःच्या फोनमध्ये डोकं घालून. मी म्हणते, मुलांशी मैत्री करा. ते माना डोलवतात. घरी जाऊन पोरानं काही सांगितलं की पहिल्यांदा त्याच्याच मुस्काटात मारणारी ही माणसं! त्यांना मी मनातल्या मनात फार हसायचे. मी वेगळी होते ना.

वेगळी — हो, होतेच. ते थोबाडीत तरी मारतात. मी काय केलं ते ऐका.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीत ऋतुजा नावाची मुलगी होती. वडील भाजीच्या टेम्पोवर ड्रायव्हर, आई शिक्रापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला. हुशार म्हणावी अशी नव्हे. पण सांगितलेलं नीट ऐकणारी. माझं व्याख्यान तिनं वहीत उतरवून घेतलं होतं. कुणी धमकावलं तर घाबरू नका. काही डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. खाली दोनदा रेघ मारलेली. वर्गात तिनं ती वही मला कौतुकानं दाखवली होती.

व्याख्यानानंतर पंधरा-वीस दिवसांनी, मधल्या सुट्टीत, ती प्रयोगशाळेत आली. आईचा फोन घेऊन. मी एकटीच होते. ‘पूर्वा’ नावाच्या कुणा मुलीशी तिची फोटोंच्या अ‍ॅपवर मैत्री झाली होती. मग नंबर दिला-घेतला. ऋतुजानं आपला एक साधा फोटो पाठवला — यात्रेतला, नवीन ड्रेस घातलेला. त्यानंतर ‘पूर्वा’ बदलली. आणखी फोटो पाठव, मी सांगतो तसे. नाहीतर हा तुझा चेहरा भलत्याच फोटोला चिकटवून सगळीकडं फिरवीन.

“मी एकपण पाठवला न्हाई मॅडम,” ती म्हणाली. “आन् काहीच डिलीट केलं न्हाई. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढल्यात. आईला सांगायच्या आधी म्हनलं, तुम्हाला दाखवावं.”

आणि तिनं फोन माझ्या हातात दिला.

एवढं सरळ, एवढं बिनचूक वागलेलं मूल मी आजतागायत पाहिलेलं नाही. मी तिची पाठ थोपटायला हवी होती. मी पाठ थोपटणारच होते. तुमचा विश्वास बसतो का? माझा हात उचललासुद्धा गेला होता. मग मी स्क्रीनवरचा नंबर पाहिला.

तो नंबर मला पाठ होता. माझ्याच नावावर घेतलेला. सासूबाईंसाठी घेतला होता मी; त्या गेल्यावर तो जुना फोन माझ्या मुलाकडं राहिला, अभ्यासाचे व्हिडिओ बघायला. माझा मुलगा. ओंकार. तेव्हा सतरा वर्षांचा, बारावीत, देवापुढं दिवा लावून मग पुस्तक उघडणारा.

किती वेळ गेला? अर्धं मिनिट असेल. अर्ध्या मिनिटात माणसाचं सगळं समजतं. मला ऋतुजा दिसलीच नाही. मला दिसलं पोलीस ठाणं, ओंकारचं बारावीचं वर्ष, आणि — खरं सांगते — माझं नाव. ‘मोबाईलवाल्या मॅडम’चाच मुलगा. हे शब्द मला ऐकूसुद्धा आले.

मी तिला म्हणाले, तू अनोळखी माणसाला फोटो पाठवलासच कशाला? चढ्या आवाजात म्हणाले. ती एकदम बारीक झाली. म्हणाले, हे बाहेर गेलं तर नाव तुझंच जाईल, तुझ्या बापाला गावात तोंड दाखवता येणार नाही. हीच वाक्यं बोलणाऱ्या आयांची मी स्टेजवर नक्कल करते. लोक हसतात. ती नक्कल मी त्या दिवशी जिवंत केली, एका चौदा वर्षांच्या मुलीपुढं.

मग मी सगळं पुसलं. गप्पा पुसल्या, नंबर ब्लॉक करून काढून टाकला, एकेक स्क्रीनशॉट पुसला. पुसलेले फोटो फोनमध्ये दुसरीकडं महिनाभर राहतात, तिथूनही काढले. ते कुठं असतात हे मला माहीत होतं. मीच शिकवते ना.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “तुम्हीच म्हनला हुता ना, डिलीट करू नका म्हनून?”

मी म्हणाले, “तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का?”

घरी आल्यावर ओंकारला समोर उभं केलं. तो आधी नाही म्हणाला, मग रडला, मग म्हणाला, “मस्करी होती गं आई. सगळेच करतात.” त्याच्याकडून ते अ‍ॅपवरचं खातं बंद करून घेतलं. सिमकार्ड मोडून टाकलं. नवऱ्याला सांगितलं, फोन बिघडला. तशा आणखी किती मुली होत्या? मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही. तो जेवत नव्हता म्हणून त्या संध्याकाळी मी कोथिंबीरवडी केली. त्यानं खाल्ली.

एवढ्यावर थांबलं असतं, तर कदाचित मी याला आईची माया वगैरे म्हणून मोकळी झाले असते. पण धमकीतला तो फोटो त्यानं खरंच बनवून आधीच एका मित्राला पाठवून ठेवला होता, हे मला सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांत तो फिरत फिरत आमच्याच शाळेतल्या मुलांच्या ग्रुपवर आला. चेहरा ऋतुजाचा. बाकी काय ते मी सांगत नाही.

मुख्याध्यापकांनी तिच्या आईवडिलांना बोलावलं. सरांना एकच घाई होती — प्रकरण शाळेच्या फाटकाबाहेर जायला नको. पुरावा काय, पुरावा काय, एवढंच विचारत होते. ऋतुजा म्हणाली, “पुरावा हुता सर. मॅडमना दावला हुता.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. इथं मला दुसरी संधी होती. माणसाला अशी दुसरी संधी कितीदा मिळते?

“नाही सर,” मी म्हणाले. “ही माझ्याकडं कधी आलेलीच नाही.”

आवाज अजिबात कापला नाही. सराईत आवाज आहे माझा.

ऋतुजा उभी राहिली. “मॅडम, प्रयोगशाळेत... मधल्या सुट्टीत...” तिच्या वडिलांनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. “गप बस. बाई खोटं बोलत्यात व्हय?” आणि मग, हात जोडून, माझ्याकडं वळून — “माफ करा मॅडम. पोरगी बावरलीया.”

त्या माणसानं माझी माफी मागितली. मी मान हलवली. माफ केलं मी त्यांना!

आठवड्याभरात तिला शाळेतून काढून मामाकडं, कासुर्डीला पाठवलं. दाखल्याच्या कागदांवर वर्गशिक्षिका म्हणून सही माझीच. वर्तणूक — चांगली. माझं अक्षरही चांगलं आहे. पुढच्याच महिन्यात एका कार्यक्रमात मला शाल-श्रीफळ मिळालं, आणि मी ते घेतलं.

गेल्या हिवाळ्यात दौंडच्या एका कॉलेजात व्याख्यान होतं. संपल्यावर व्हरांड्यात एक उंच मुलगी आली. “ओळखलं का मॅडम?” ओळखलं मी. पळावंसं वाटलं. ती तिथंच पहिल्या वर्षाला होती. आवाज शांत. कोण होता तो, हे तिला कधीच कळलं नाही, आणि तिनं मला ते विचारलंही नाही. तिला वाटतं, मी भित्री होते. तेवढंच. म्हणाली, “कासुर्डीत आमच्या आळीतल्या पोरी येत्यात माझ्याकडं, असलं काय झालं की. दोघींच्या वेळी तर मी मामीला घेऊन पोलिसांत गेले. त्यांना एक गोष्ट पहिली सांगते मी. तुमच्या व्याख्यानात ती न्हाई.”

“कोणती?”

“फोन मोठ्या मान्साला दाखवायचा. हातात द्यायचा न्हाई. आन् दाखवायच्या आधी एक कॉपी दुसरीकडं ठेवायची.”

एवढं बोलून ती गेली. रागावली नाही, रडली नाही. ओंकारचं नाव जिभेपर्यंतसुद्धा आलं नाही. तो आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत येतो, मला फोनमधलं काही अडलं तर करून देतो.

ऋतुजाचं ते वाक्य मी आता माझ्या व्याख्यानात घेतलंय. फोन दाखवा, हातात देऊ नका. आधी एक कॉपी ठेवा. शेवटच्या दहा मिनिटांत म्हणते, जरा थांबून. सगळ्यात जास्त टाळ्या तिथंच पडतात. कार्यक्रमानंतर बाया येऊन म्हणतात, मॅडम, किती बारकाईनं विचार केलाय. कुठं शिकलात?

मी म्हणते, अनुभवातून.