बाराच्या आधीचा झाडू

माझ्या सासऱ्यांना बाजारात सगळे झाडूशेठ म्हणायचे. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतले शिशाचे पत्रे काढायचे, शिसं वितळवून बॅटरीची नवी टोकं ओतायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. या धंद्यातल्या माणसाचं दुकान ओळखायला पाटी लागत नाही, इतकं ते काळं असतं. आमचे बाबा मात्र दुकान उघडताना आणि बंद करताना झाडायचे, आणि शेजारच्या टायरवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "काम घाणीचं असलं म्हणून जागा घाण ठेवायची नसते."

माझी मुलगी ठकी वर्षाची झाली, मी पुन्हा शिवणकामाच्या कारखान्यात जायला लागले, आणि दुकानात दिवसाचा तिसरा झाडू सुरू झाला. नवरा ट्रकवर, सासूबाई कधीच गेलेल्या. सकाळी ठकीला शेजारीण सांभाळायची आणि बारा वाजता दुकानात सोडायची. पावणेबारा झाले की बाबा हातातलं काम टाकून सगळं दुकान कानाकोपऱ्यासकट झाडायचे, मग चटई अंथरायचे, तिच्यावर स्वतःचा जुना कोट. त्या कोटाशिवाय ठकी झोपायची नाही. असा आजोबा मिळायला नशीब लागतं, असं मी कारखान्यात दहा जणींना तरी ऐकवलं असेल.

ठकी अडीच वर्षांची झाली आणि तिचं बोलणं मागे जायला लागलं. हे मी अंदाजाने सांगत नाही. तिचा प्रत्येक नवा शब्द कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची मला हौस होती, आणि चव्वेचाळीस झाले होते. मग ती पोट धरून रडू लागली, घास तोंडातून बाहेर काढू लागली, कशानेही चिडू लागली. दोन महिन्यांनी मी पुन्हा मोजले तर तिच्या तोंडात अकरा शब्द उरले होते. दोन डॉक्टरांनी जंताचं औषध देऊन वाटेला लावलं. तिसरी डॉक्टरीण अगदीच पोरसवदा, पण तिने एवढंच विचारलं, "घरात कोण काय काम करतं?" मी सांगितलं, तसं तिने पेन खाली ठेवलं.

ठकीच्या रक्तात शिसं निघालं, आणि ते थोडंथोडकं नव्हतं.

"मोठ्यांच्या अंगात जेवढं मुरतं, त्याच्या चार-पाच पट या वयात मुरतं," डॉक्टरीण म्हणाली. "आणि मेंदू अजून घडत असतो."

"गेलेले शब्द परत येतील का?"

"शिसं अंगात जाणं थांबलं तर पुढचं नुकसान थांबेल. झालेल्याचं मी आत्ताच सांगू शकत नाही."

त्या संध्याकाळी बाबा दारात आले तेव्हा माझा पारा चढलेला होता. चपला काढायच्या आतच मी म्हटलं, "बाबा, हे तुमच्या दुकानातून आलंय."

ते दुखावले. "सूनबाई, माझ्या दुकानात धूळ दाखव. एक कण दाखव, मी कुलूप लावतो."

खरं सांगते, मला राग आला तरी त्यांचं म्हणणं पटलं. त्यांच्याइतकी स्वच्छ जागा मी दुसरी पाहिली नव्हती. मग मी घर धुंडाळत सुटले. भिंतीचा रंग खरवडला, नळाला बोल लावला, तिची रंगीत खेळणी पोत्यात भरून फेकून दिली. दुकान तपासायला दवाखान्यातली सिस्टर येणार होती पाचव्या दिवशी. मधले चार दिवस मी कामावर गेले आणि ठकी रोज त्याच कोटावर झोपली. त्याची लाज मला मरेपर्यंत वाटेल.

सिस्टर बरोबर पावणेबाराला आली. त्या दिवशी ठकी माझ्या कडेवर होती. दुकान बघून सिस्टरही थबकली.

"आजोबा, रोज हिच्यासाठी झाडता ना, तसं झाडून दाखवा. आणि तो दिवा बंद करा जरा."

दिवा बंद झाला. छपरातल्या काचेतून उन्हाची एक तिरीप आत येत होती. बाबांनी झाडूचा पहिला हात मारला आणि तिरीप भरून गेली. करडी, पिठाहून बारीक धूळ वर उठली, तरंगत राहिली आणि सावकाश कोपऱ्याकडे, चटईकडे सरकली. सिस्टरने मला मुलीला घेऊन बाहेर जायला सांगितलं. मी दाराबाहेरून बघत होते; तिने ओल्या पांढऱ्या कागदाने कोट पुसला आणि करडा झालेला कागद बाबांपुढे धरला.

"पोरगी यायच्या आधी तुम्ही ही खाली बसलेली धूळ उठवत होता, आजोबा. ती परत बसायला कितीतरी वेळ लागतो. तोवर ही इथे झोपलेली."

झाडू कुठे ठेवावा ते बाबांना कळत नव्हतं.

सिस्टरने त्यांचंही रक्त नेलं. त्यांचा आकडा ठकीच्या तिप्पट निघाला; त्यांचा हात थरथरायचा तो नुसत्या वयामुळे नव्हता. त्यांनी आपला कागद उलटूनही पाहिला नाही. विचारायचे ते ठकीचंच.

धंदा आवरून दुकानाला कुलूप लावायला दोन महिने लागणार होते. तोवर ठकीचं तिकडे जाणं बंद, आणि बाबांनी अंगणातल्या नळावर अंघोळ करून, कपडे बदलूनच घरात यायचं असं ठरलं. पण फाटक वाजलं की ठकी दोन्ही हात पसरून धावत सुटायची. बाबा लांबूनच तळहात पुढे धरायचे आणि म्हणायचे, "थांब." पहिले काही दिवस ती रडून आकांत करायची. बाबा पाठ फिरवून नळ सोडायचे.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा रक्त तपासलं तेव्हा आकडा उतरला होता. माझ्या जिवात जीव आला, पण शब्द अकराच होते. मी रोज मोजत होते.

मग एका संध्याकाळी फाटक वाजलं आणि ठकी धावली नाही. उंबऱ्यावर उभी राहिली, इवलासा तळहात आजोबांकडे धरला आणि स्पष्ट म्हणाली, "थांब."

मी पेन शोधायला आत पळाले. नवा शब्द होता, बारावा. लिहून बाहेर आले, तर नळ नुसताच वाहत होता आणि बाबा अंगातले कपडे न काढता त्याच्याशेजारी खाली बसले होते.