भाजावळीला पहिला नंबर

ही हकीकत मी इतकी वर्षे टाळली. विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीला प्रदूषण मोजणाऱ्या कार्यालयात फील्ड असिस्टंट होतो. आसपासच्या जागांची हवा तपासून सर्वांत वाईट जागेला पहिला नंबर द्यायचा, असे काम आले. पहिल्या नंबरावर लगेच कारवाई, बाकीच्यांनी थांबायचे.

तपासणी सोपी. सॅम्पलर नावाचे यंत्र हवा ओढते, धूळ आतल्या फिल्टर पेपरवर बसते. पेपरचे वजन जेवढे वाढेल तेवढी हवा खराब.

या जागांपैकी एक मिरजोळे. तिथले बागायतदार तात्या, त्यांची हापूसची बाग एका कारखान्याच्या धुराड्याखाली. मोहोर काळा पडून गळायचा. पुढच्या मोहोरापूर्वी धुराडे उंच व्हावे, एवढेच त्यांचे मागणे. तुलनेसाठी आम्ही डोंगराकडचे एक स्वच्छ गाव घेतले. तिथे वीज फक्त शाळेत, म्हणून यंत्र शाळेच्या पडवीत ठेवले.

त्या गावचा पेपर तव्यासारखा काळा निघाला.

आमचे साहेब देशावरचे. ते चक्रावले. "अहो, तिथे कारखाना कुठला?"

"कारखाना नाही साहेब, भाजावळ. पेरणीआधी शेतात शेण, वाळका पातेरा पसरून जाळतात. शाळेमागेच शेत आहे."

"मग परत मोजा."

"शिमगा आलाय साहेब. पालखी घरी यायची आहे. माझी रजा मंजूर आहे."

साहेब हसले. आकडे आहेत तसेच पाठवू का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, पाठवा, वर कोणीतरी बघेलच.

वर कोणी बघितले नाही. स्वच्छ गाव पहिले आले, मिरजोळे दुसरे. मुंबईहून जीप आली, गावभर धुराडे शोधत फिरली. गावकऱ्यांनी हौसेने लोहाराची भट्टी दाखवली. काही सापडले नाही म्हणून फाइल बंद झाली, दुसऱ्या नंबरापर्यंत कोणी आलेच नाही.

तात्या कार्यालयात चौकशीला आले. "आमचा नंबर कितवा?"

"दुसरा."

"वा. कलमांना सांगतो, थोडक्यात हुकला हो, पुढल्या खेपेस जोर करा."

सगळे हसले. मीही हसलो. पुढचा मोहोरही जळाला, आणि तात्यांनी कलमे तोडून लाकूड विकले.

हवा मोजण्याआधी शेजारी कोण काय जाळतोय ते बघावे, आणि काम अर्धवट असेल तर पालखीला लांबूनच हात जोडावेत. मी एवढे शिकलो, पण उशिरा.

निवृत्तीनंतर तात्यांच्या घरी गेलो. तात्यांनी सुनेला हाक मारली, "कोकम सरबत आण गो. आपल्या बागेसाठी उन्हातान्हात फिरलेले साहेब आलेत." मी सरबत संपवले, तब्येतीची चौकशी केली आणि उठलो. तात्या आता नाहीत. 'त्या वर्षी पहिला नंबर तुमचाच होता, तात्या. मला माफ करा,' हे त्या दिवशी त्यांच्या पायऱ्या उतरतानाही मी मनात घोकत होतो.